मॉरिशसला बसने

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



मला ग्रुपवर निरोप आला की, "तू परदेशात फिरतेस, तर प्रवासावर दहा मिनिटं बोल." दहा मिनिटांत मी आटोपणार नाही, हे बाईंना आधीपासून माहीत आहे. वर्गात बोलते म्हणून मला किती वेळा बाकावर उभं केलं, त्याचे साक्षीदार समोरच बसलेत.

मी बोलणार आहे मॉरिशसबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ग्रुपवर माझे फोटो पाहिलेत. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि खाली तुमचे शेरे, "मज्जा आहे बाई एकीची!" आज खरं काय ते सांगते. त्या फोटोंच्या वेळी माझी नोकरी गेलेली होती.

२०२३ च्या जुलैत आमचा प्रकल्प बंद झाला आणि आमच्या टीममधल्या सगळ्यांना घरी पाठवलं. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर एका सकाळी अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये विषय संपला. सप्टेंबरची मॉरिशसची तिकिटं मात्र आधीच काढलेली होती, माझी आणि मुलीची. ती रद्द केली असती तर फारसे पैसे परत मिळणार नव्हते. समुद्रकाठच्या हॉटेलचं बुकिंग मात्र फुकटात रद्द होत होतं. मुलगी म्हणाली, "आई, हॉटेल रद्द कर. आपण खोली घेऊ, स्वयंपाक करू, बसने फिरू." मी म्हटलं, मॉरिशसला कोणी बसने फिरतं का? ती म्हणाली, "तिथली माणसं कशाने फिरत असतील?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आसनगाव स्टेशनवर उतरून, एसटीच्या दारात लोंबकळत कॉलनीपर्यंत आलेली मी. मला हा प्रश्न मुलीने विचारावा लागला, याचीच लाज वाटली.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगून टाकते. मुंबईहून थेट विमान असेल तर साधारण सहा-सात तास लागतात. घड्याळ दीड तास मागे करायचं. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. तिथलं चलनही रुपयाच आहे, पण त्यांचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरं आहेत. विमानतळावर पहिली नोट हातात आली तेव्हा मुलीने ती उलटसुलट करून तीनदा वाचली.

पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक नावाचं गाव आहे. तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली, छोटं स्वयंपाकघर आणि गॅलरी मिळाली, रात्रीचे तिथले चौदाशे रुपये. रद्द केलेल्या हॉटेलात एका रात्रीला जे पडणार होतं, त्यात आमच्या पाच रात्री निघाल्या. समुद्र चालत सात मिनिटांवर. तिथले किनारे सगळ्यांसाठी खुले असतात, मोठ्या हॉटेलसमोरची वाळूसुद्धा. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, तिथे त्यांना फिलाओ म्हणतात. रविवारी स्थानिक कुटुंबं भांडीकुंडी घेऊन त्या सुरूंच्या सावलीत येतात, जेवतात, गातात, झोपतात. थेट आपल्या अलिबाग-मुरुडसारखं. आम्हीही चादर पसरून बसलो. कोणी पास मागितला नाही.

खाण्याचा खर्च सांगते, कारण बायकांनी तो विचारलाच असता. तिथे ढोलपुरी नावाचा प्रकार मिळतो. पोळीत शिजवलेली पिवळी डाळ भरून लाटतात. म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. वर रस्सा, लोणचं, मिरचीची चटणी घालून जोडीने गुंडाळून देतात. वीस-पंचवीस रुपयांत जोडी. दोन जोड्या खाल्ल्या की दुपार झाली. गातो पिमां म्हणून एक येतं, ते तर डाळवडेच. पोर्ट लुईच्या मंडईत आलूदा पितात, तो आपल्या फालुद्याचा भाऊ. भाजी, भात आणि डाळ आम्ही खोलीवर करत होतो.

आणि बस! कंडक्टर असतो, तिकीट फाडून देतो, घंटी मारली की बस थांबते. शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं फुकट प्रवास करतात. फक्त एक लक्षात ठेवा, संध्याकाळी बस लवकर संपतात. पहिल्याच दिवशी आम्ही सूर्यास्त बघत बसलो आणि शेवटची बस गेली. मग टॅक्सीला जे पैसे दिले त्यात दोन दिवसांचं जेवण झालं असतं. आपली शेवटची एसटी चुकली की खर्डी रस्त्याला ट्रक थांबवायचो, ते आठवलं. इथे तशी हिंमत झाली नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगते.

चौथ्या दिवशी आम्ही राजधानीत, पोर्ट लुईला गेलो. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. तिकीट नाही, म्हणून आमच्या यादीत तो वर होता, एवढंच. इंग्रजांच्या वसाहतीत १८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. मग १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. ॲग्रिमेंटचं गिरमिट झालं आणि ही माणसं गिरमिटिया झाली. पुढच्या जवळजवळ पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं या बेटावर उतरली. इथला प्रयोग मळेवाल्यांना फायद्याचा वाटला, म्हणून हीच पद्धत पुढे त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, फिजी इथपर्यंत गेली. वेस्ट इंडिजच्या संघात कन्हाय आणि चंद्रपॉल कुठून आले, असं आपण क्रिकेटच्या कॉमेंटरीच्या वेळी विचारायचो ना, ते इथून सुरू होतं. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून घेतला.

बघायला तिथे फार काही नाही. काही दगडी पायऱ्या, थोड्या भिंती, शेडचे अवशेष. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर यायचा. वर कारकून बसलेला. तो नाव विचारायचा, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव. ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा आणि एक नंबर द्यायचा.

मी तिथे थबकले. माझे बाबा कॉलनीत काय काम करायचे, ते तुम्हाला माहीत आहे. ते मस्टर कारकून होते. सकाळी साइटवर मजुरांची हजेरी घ्यायची, नाव लिहायचं, खाडा मांडायचा. लहानपणी मी त्यांच्या टेबलापाशी बसून ते मस्टर वाचायची. एका माणसाचं नाव तीन महिन्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असायचं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "तो जसं सांगतो तसं मी लिहितो. त्याला वाचता येत नाही, मला विचारायला वेळ नाही." त्यांनी ते सहज सांगितलं होतं. त्या घाटावर मला ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मॉरिशसमध्ये त्या कारकुनाने लिहिलं तेच पुढे चालू राहिलं. बापाचं किंवा आज्याचं पाळण्यातलं नाव हेच नातवंडांचं आडनाव झालं. फोनची डिरेक्टरी उघडली तर आपल्याकडची पहिली नावं तिथे आडनावं म्हणून दिसतात, आणि स्पेलिंग असं की दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही.

खोलीच्या मालकीणबाईंना आम्ही मराठी आहोत हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्ही गणपतीला कास्कावेलला जायला हवं." कास्कावेल हे गाव तिथून बसने दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तिथे मराठी वंशाची बरीच घरं आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटियांत रत्नागिरी, सातारा, कुलाबा या भागातली माणसं होती. त्यांची ही नातवंडं-पतवंडं. बेटावर पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबाने बसवला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, तिथली सुट्टी २० तारखेला.

मालकीणबाईंच्या ओळखीने आम्ही एका घरी गेलो. घरात सत्तरीच्या एक आजी, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं. आपसात सगळे क्रिओल बोलत होते. नातीला शाळेत पर्यायी विषय म्हणून मराठी होतं, ती "माझे नाव अमुक आहे" असं पुस्तकातलं मराठी अगदी स्पष्ट उच्चारात बोलली. आजींचं मराठी निम्मं, माझं क्रिओल शून्य, उरलेलं इंग्रजी आणि हिंदी. आरती सुरू झाली आणि मी गडबडले, कारण त्यांना सगळी कडवी पाठ होती आणि मला दुसऱ्या कडव्यानंतर इकडेतिकडे बघावं लागलं. पोरांनी नाच केला, त्याला ते झाकरी म्हणतात. रत्नागिरीकडची जाखडी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी लगेच ओळखली असती.

जेवणं झाल्यावर आजींनी भिंतीवरची एक फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली. मोका इथे महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जुनी नोंदपुस्तकं जपून ठेवली आहेत. वंशजाने अर्ज केला तर आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळतो. १८६० च्या दशकापासून फोटोही काढत, त्यामुळे कोणाकोणाला फोटोसुद्धा मिळतो. आजींना मिळाला होता. त्यांच्या आजोबांच्या वडिलांचा. विशीतला पोरगा, खांद्यावर घोंगडी, कॅमेऱ्याकडे बघतो आहे. खाली नंबर, जहाजाचं नाव, बापाचं नाव, जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या जागी सात-आठ इंग्रजी अक्षरं.

आजी म्हणाल्या, "हे गाव कुठे आहे, सांग."

मी ती अक्षरं दहा तऱ्हांनी उच्चारून पाहिली. मुलीने फोनवर नकाशा काढला. तीन गावं जुळल्यासारखी वाटली, एकही नीट जुळलं नाही. आजी शांतपणे बघत होत्या. इंडियातून कोणी आलं की त्या फ्रेम काढून दाखवतात, असं सून हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. इंजिनिअर बाई, कोट्यवधी नोंदींतून एक नोंद शोधून देण्याचा पगार इतकी वर्षं घेतला, आणि आजींची एक नोंद मला लागली नाही.

मग आजींनी विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

मी म्हटलं, "भातसानगर." आणि मग नेहमीसारखी अडखळले. तुम्हीही अडखळत असाल. कारण भातसानगर हे तसं गावच नाही. धरण बांधायचं म्हणून वसवलेली कॉलनी. आपले बाप कोणी जळगावचे, कोणी सांगलीचे, कोणी नांदेडचे. बदली झाली की सामान ट्रकमध्ये आणि क्वार्टर दुसऱ्याच्या नावावर. काम संपलं तशी कॉलनी रिकामी होत गेली. मी त्यांना म्हटलं, "धरणाची कॉलनी. माझे बाबा तिथे होते. मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी आमच्या धरणातून जातं." हे सांगताना माझी मान ताठ होते, अजूनही.

त्यांच्याकडे कोरड्या महिन्यांत पाणी तासांवर येतं, छतावर टाक्या असतात. आमच्या खोलीतही नळाच्या वेळांची चिठ्ठी डकवलेली होती. त्यामुळे आजींचे डोळे मोठे झाले. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या गावांना तर पाणीच पाणी!"

मी गप्प बसले. काय सांगणार? की धरणाच्या तालुक्यातच एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवर टँकर येतो? की माझ्या शेजारच्या बाकावरची मैत्रीण उन्हाळ्यात पहिला तास चुकवायची, कारण ती पहाटेपासून झऱ्यावर हंड्यांच्या रांगेत असायची, आणि आम्ही कॉलनीतल्या मुली नळाखाली फ्रॉक धुऊन वेळेवर वर्गात हजर? मैत्रिणी, तू आज इथे बसली आहेस. तीस वर्षं मी तुला याबद्दल एक शब्द बोलले नाही. तेव्हा मला ते दिसत होतं, पण विचारावंसं वाटलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते की मला त्याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बस बदलत मार-ओ-वाकवाला गेलो. मॉरिशसमधला सगळ्यांत मोठा साठवण तलाव. धरणाच्या पोरीला परदेशातही धरणच बघायचं असतं, असं मुलीने चिडवलं. छान थंड जागा, भोवती जंगल, पाणी काठापासून खाली गेलेलं आणि मध्ये उघडा पडलेला मातीचा पट्टा. फलक वाचून मी आकडेमोड केली. त्याची क्षमता सुमारे २६ दशलक्ष घनमीटर. आपल्या भातसाचा मुंबईसाठीचा साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. म्हणजे तसे सत्तावीस तलाव आपल्या एका भातसात मावतात. एवढं पाणी. ते पिसे बंधाऱ्यापर्यंत नदीतून जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळांना येतं. माझ्या ठाण्याच्या मैत्रिणी मला सांगतात, तू नशीबवान, धरणाकाठी वाढलीस. आपल्या वर्गातल्या निम्म्यांना कोणी असं म्हणणार नाही.

त्या काठावर बसून मला भूगोलाचा तास आठवला. बाई, तुम्ही नकाशात आपापलं गाव दाखवायला सांगितलं होतं. मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि त्याने जलाशयाच्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. वर्ग हसला. मीही हसले. त्याच्या दाखल्यावर जन्मगाव लिहिलेलं होतं ते पाण्याखाली होतं, आणि त्याने खरं तेच दाखवलं होतं. तुम्ही आम्हाला हसण्याबद्दल रागावला होतात, पण का रागावलात ते मला कळायला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं आणि एक समुद्र ओलांडावा लागला.

आणखी एक. आपल्या वर्गात किती जणांचा वाढदिवस १ जूनला असायचा, आठवतं? आपण त्यांना चिडवायचो, एकाच दिवशी एवढी बाळं कशी काय झाली. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, म्हणून लिहिणाऱ्याने सोयीची तारीख टाकली. घाटावरच्या कारकुनासारखीच. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन, सगळं त्याच तारखेवर. मी हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. माझे बाबाच लिहिणारे होते, आणि ते वाईट माणूस नव्हते. पण लिहिणाऱ्याने एक मिनिट जास्त दिलं असतं, तर त्या आजींना आज आपलं गाव सापडलं असतं.

म्हणून माझी एक मागणी आहे. स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर यायचे आहेत. त्यात आणखी दोन रकाने घालू या. कॉलनीतल्यांनी आपल्या क्वार्टरचा नंबर आणि बाप कुठून आला ते गाव लिहावं. इथल्या मूळच्यांनी आपलं गाव आणि पाडा लिहावा. आणि ज्यांचं गाव धरणात गेलं त्यांनी जुन्या गावाचं नाव, वाडीचं नाव, देवाचं ठाणं कुठे होतं, हेही लिहावं. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारून, त्याच्या उच्चारात, देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंग नको. घाई नको. माझ्याकडे पाठवा, मी एकेकाला फोन करून ताडून बघेन. हे काम मला येतं, आणि याचा पगार नको.

नोकरीचं म्हणाल तर परत आल्यावर दोन महिन्यांनी मिळाली. पगार आधीपेक्षा कमी आहे, चालतं. आजींच्या त्या फ्रेमचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. रत्नागिरीकडे कोणाची सोयरीक असेल तर जेवताना मला भेटा. मी तो फोटो दाखवते. तुम्ही ती अक्षरं मोठ्याने वाचून बघा. कोणाला तरी ते गाव लागेल.